रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह, मग घरी यावे की नाही?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनींच्या पत्राचा आशय असा: “माझे पती दुबईत एका गोदामात नोकरी करतात. फेब्रुवारीपासून ते तिकडेच आहेत. ६ जुलैला त्यांना ताप आला, दोन दिवसांनी अंगावर फोड उठले आणि तिथल्या डॉक्टरांनी तपासणी करून एमपॉक्स असल्याचे सांगितले. काही दिवस रुग्णालयात आणि पुढे वेगळ्या खोलीत राहून ते बरे झाले. शेवटची खपली २ ऑगस्टला पडली. खात्री असावी म्हणून त्यांनी ५ ऑगस्टला एका खासगी प्रयोगशाळेत घशाचा स्वॅब दिला, तो पॉझिटिव्ह आला. रिपोर्टवर ‘सीटी ३६’ असे लिहिले आहे. गणपतीसाठी त्यांनी २५ ऑगस्टचे तिकीट काढले आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे, जाऊबाई सहा महिन्यांच्या गरोदर आहेत आणि सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. सासूबाई म्हणतात, आलाच तर २१ दिवस पडवीतल्या खोलीत राहू दे. मुलगी रोज विचारते, बाबा आले की मला उचलून घेतील ना? हा विषाणू माणसाच्या अंगात नेमका किती दिवस राहतो? नवरा-बायको म्हणून आम्ही जवळ कधी यावे? त्यांना हा आजार लागलाच कसा, हेही मनातून जात नाही.”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार तारखा आहेत. त्यांपैकी २ ऑगस्ट ही, म्हणजे शेवटची खपली पडली तो दिवस, मी सर्वांत महत्त्वाची मानते. त्या दिवशी खरोखरच सगळ्या खपल्या पडलेल्या असतील, त्यांच्या खाली कोरडी नवी त्वचा आलेली असेल आणि तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगाजवळ एकही ओला व्रण उरलेला नसेल, तर २५ ऑगस्टला तुमच्या पतींनी घरी यावे. मुलीला उचलून घ्यावे, सगळ्यांच्या पंगतीत जेवावे, आरतीला उभे राहावे. पडवीतल्या खोलीची गरज नाही. पाळायचे पथ्य एकच आहे आणि ते तुम्हा दोघांपुरते आहे: शारीरिक संबंधाच्या वेळी २५ ऑक्टोबरपर्यंत न चुकता कंडोम वापरावा. ५ ऑगस्टच्या पॉझिटिव्ह रिपोर्टमुळे यातले काही बदलत नाही. असे मी कशाच्या आधारावर म्हणते, ते नीट समजून घेतलेत तर सासूबाईंनाही तुम्हाला समजावून सांगता येईल, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

एमपॉक्सचा विषाणू देवीच्या विषाणूचा भाऊबंद आहे आणि त्याचे मुख्य ठाणे त्वचेत असते. आधी ताप येतो, गाठी सुजतात, मग सपाट डाग उठतात, डागाची टणक पुळी होते, पुळीत पाणी भरते, पाण्याचा पू होतो, मधोमध खळगा पडतो आणि शेवटी वर खपली धरते. बहुतेकांना या साऱ्या प्रवासाला दोन ते चार आठवडे लागतात. फोडातील पाण्यात आणि पुवात जिवंत विषाणूंची संख्या सर्वाधिक असते, आणि पुढे खपलीतही तो वाळक्या अवस्थेत टिकून राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना, दोन्ही विलगीकरण संपवताना रुग्णाच्या त्वचेकडे पाहायला सांगतात: सर्व फोड बरे व्हावेत, सर्व खपल्या गळून पडाव्यात, खाली नवी त्वचा यावी. इतर बाबतींत निरोगी असलेल्या रुग्णाला घरी सोडण्यासाठी निगेटिव्ह रिपोर्टची अट घातलेली नाही. पतींनी स्वॅब दिला तो काळजीपोटी दिला, त्यात त्यांची चूक नाही. पण त्या वेळी त्या तपासणीची आवश्यकता नव्हती आणि तिने घरभर नवी भीती मात्र पसरवली.

आता तो रिपोर्ट. पीसीआर ही तपासणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे, म्हणजे डीएनएचे, तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. एमपॉक्सचा विषाणू डीएनए जातीचा असल्याने त्याचे अवशेष चिवट असतात. शरीराने विषाणू मारून टाकल्यानंतरही घशातून, त्वचेतून ते पुष्कळ दिवस सापडत राहतात. लग्नघर आवरून झाल्यावरही आठवडाभर कानाकोपऱ्यात अक्षता सापडतात, म्हणून मांडव अजून उभा आहे असे आपण म्हणत नाही. सीटी हा आकडा त्या तुकड्यांचे प्रमाण सांगतो, आणि तो उलटा वाचायचा असतो. नमुन्यातील द्रव्य यंत्रात प्रत्येक फेरीला दुप्पट केले जाते आणि कितव्या फेरीत ते दिसू लागले, तो आकडा म्हणजे सीटी. ऐन भरातल्या फोडाचा सीटी समजा २० आला आणि बरे झाल्यावर घशाचा ३६ आला, तर मधल्या १६ फेऱ्यांचा अर्थ असा की घशातील प्रमाण फोडातल्यापेक्षा सुमारे ६५ हजार पटींनी कमी आहे. इस्राएलमध्ये २०२२ साली रुग्णांचे नमुने पेशींवर वाढवून पाहिले गेले, तेव्हा ३५ किंवा त्याहून अधिक सीटी असलेल्या नमुन्यांची संसर्ग करण्याची क्षमता नगण्य किंवा शून्य असल्याचे त्या संशोधकांना दिसले. तुमच्या पतींचा आकडा ३६ आहे. त्वचा बरी झालेली असताना घशात असा आकडा दिसणे ही अवशेषांचीच खूण मी समजते, आणि पुन्हा स्वॅब देऊन आणखी एका कागदाची वाट पाहत बसू नये, असे स्पष्टपणे सुचवते.

असे केवळ तुमच्याच बाबतीत घडले असे मानू नका. इंग्लंडमध्ये २०१८ ते २०२१ या काळात एमपॉक्सचे जे सात रुग्ण विशेष रुग्णालयांत ठेवले गेले, त्यांचा तपशीलवार अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या काहींची त्वचा बरी झाल्यावरही घशात विषाणूचा डीएनए सापडत राहिला, आणि तपासणी पॉझिटिव्ह येत राहिल्यामुळे तिघांना तीन आठवड्यांहून अधिक, २२ ते ३९ दिवस, एकांतात काढावे लागले. माणूस चालता-बोलता बरा आहे, जेवतो-खातो आहे, आणि कागद त्याला बाहेर सोडत नाही, अशी ती अवस्था होती. पुढच्या काळात नियमांचा भर रिपोर्टवर न राहता त्वचेवर राहिला, तो योग्यच आहे असे माझे मत आहे.

तुमचा मूळ प्रश्न, ‘किती दिवस’, याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही, कारण शरीराच्या प्रत्येक भागाचे पंचांग निराळे असते. याचा चांगला हिशेब स्पेनमधल्या एका अभ्यासातून मिळतो. तिथे २०२२ च्या साथीत ७७ रुग्णांनी घरच्या घरी, शिकवल्याप्रमाणे, स्वतःचे नमुने घेऊन अनेक आठवडे प्रयोगशाळेकडे पाठवले. लक्षणे सुरू झाल्यापासून मोजले असता, निम्म्या रुग्णांच्या फोडांतून विषाणूचा डीएनए नाहीसा व्हायला २५ दिवस लागले. घशातून आणि गुदाशयातून १६ दिवस. वीर्यातून १३ दिवस. रक्तातून तर तो अगदी आरंभीच्या दिवसांतच गेला. पण निम्मे म्हणजे सगळे नव्हेत. दहापैकी नऊ रुग्ण मोकळे होईपर्यंत फोडांसाठी ४१ दिवस आणि वीर्यासाठी ३९ दिवस उलटले. शिवाय हे सारे दिवस डीएनए सापडण्याचे आहेत, संसर्ग होण्याचे नव्हेत. संसर्गाचा काळ त्याच्या आधीच संपत आलेला असतो. तुमच्या पतींचा ५ ऑगस्टचा स्वॅब आजाराच्या तिसाव्या दिवशीचा होता, आणि ते विमानात बसतील तो पन्नासावा दिवस असेल.

वीर्याबद्दल मात्र मी सावध राहते. रोममधल्या स्पालान्झानी संस्थेतील डॉक्टरांना एका रुग्णाच्या वीर्यात सहाव्या दिवशी पेशींवर वाढू शकणारा, म्हणजे जिवंत, विषाणू सापडला होता आणि डीएनए १९ व्या दिवसापर्यंत दिसत राहिला होता. सोळा देशांतील ५२८ रुग्णांची पाहणी झाली, तीत ज्या ३२ जणांचे वीर्य तपासले त्यांपैकी २९ जणांच्या वीर्यात विषाणूचा डीएनए मिळाला. वृषणासारख्या काही अवयवांत शरीराचा पहारा मुळातच सौम्य असतो आणि विषाणूंना तिथे अधिक काळ दडून राहता येते. म्हणून बरे झाल्यानंतर १२ आठवडे कंडोम वापरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. २ ऑगस्टपासून १२ आठवडे म्हणजे २५ ऑक्टोबर. हे सावधगिरीचे पथ्य आहे. त्यासाठी वेगळे झोपण्याची, एकमेकांना स्पर्श टाळण्याची गरज नाही. या काळात कंडोमऐवजी दुसऱ्या गर्भनिरोधक साधनावर विसंबू नका. गोळ्यांनी किंवा तांबीने गर्भ राहत नाही, विषाणू मात्र अडत नाही.

सासूबाईंचे २१ दिवस कुठून आले, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांना मी दोष देणार नाही. २१ हा आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ साधारणपणे ३ ते १७ दिवसांचा असतो, जास्तीत जास्त २१ धरतात. म्हणून रुग्णाच्या निकट संपर्कात आलेल्या निरोगी माणसाने शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस स्वतःवर लक्ष ठेवायचे असते. तुमच्या पतींना आजार होऊन गेला आहे, ते आता वाट पाहणाऱ्यांत मोडत नाहीत. आणि ते फेब्रुवारीपासून दूर असल्यामुळे तुमच्या घरातले कोणीही त्यांच्या संपर्कात आलेले नाही. तेव्हा हे २१ दिवस ना त्यांना लागू होतात, ना तुम्हाला.

सासूबाईंच्या भीतीमागे कदाचित जुनी आठवण असेल. माझ्या आजीच्या दोन्ही गालांवर देवीचे खड्डे होते, आणि घरात कोणाला साध्या कांजिण्या आल्या तरी ती उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा लावून बसायची. त्या पिढीने देवीने माणसे जाताना पाहिली आहेत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्यानंतर काही वर्षांत लस टोचणेही थांबले. तुमच्या सासूबाईंच्या दंडावर त्या लसीचा गोल, चुण्या पडलेला वण असेल. तो त्यांना दाखवून सांगा की झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, १९८० च्या दशकात झालेल्या पाहण्यांत देवीच्या लसीने एमपॉक्सपासूनही सुमारे ८५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले होते. इतक्या वर्षांनी ते संरक्षण पूर्वीइतके उरत नाही, हे खरे. तरीही घरात सगळ्यांत जास्त भ्यालेली व्यक्ती हीच सगळ्यांत जास्त सुरक्षित असण्याची शक्यता आहे. तुम्हाला, जाऊबाईंना आणि मुलीला ती लस मिळालेली नाही, आणि माझे लक्ष त्यामुळे तुमच्याकडे अधिक आहे. गरोदरपणात हा विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो आणि गर्भ दगावल्याच्या नोंदी आहेत. काँगोत या आजाराचा जास्तीत जास्त फटका लहान मुलांना बसत आला आहे. म्हणून ‘बरे झाले’ या शब्दांवर न थांबता, बरे झाल्याची खूण तुम्ही डोळ्यांनी पाहावी, असे मला वाटते.

ती खूण अशी असते. फोड बरा झाला की त्या जागी सुरुवातीला गुलाबी किंवा फिकट, किंचित चकचकीत, कोरडी त्वचा दिसते. बोट फिरवले तर काही खरखरीत लागत नाही, कपड्याला ओल लागत नाही, कडा उचललेली नसते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पुढे तिथे काळसर डाग पडतो, कधी लहानसा खळगा राहतो, आणि तो महिनोन्महिने जात नाही. हे डाग कोणालाही काहीही देत नाहीत. शेजारीपाजारी ते पाहून कुजबुजतील, त्याची तयारी ठेवा. याउलट एखादी जाड, पिवळट-काळी खपली अजून चिकटून असेल, तर ती नखाने काढायची नाही आणि घरी यायचेही नाही. तळहात आणि तळपाय ही फसवणारी ठिकाणे आहेत. तिथली कातडी जाड असल्याने फोड खोल बसतात आणि त्यांच्या खपल्या सर्वांत शेवटी सुटतात. गुप्तांग, गुदद्वार, हिरड्या आणि जिभेची खालची बाजू या जागाही तपासल्या पाहिजेत, कारण तिथे खपली धरत नाही, व्रण ओला राहतो आणि माणूस संकोचाने सांगत नाही.

खपलीवर मी एवढा भर देते, याला कारण आहे. देवीच्या रुग्णांच्या खपल्या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी साध्या लिफाफ्यांत भरून कपाटात ठेवल्या होत्या, आणि १३ वर्षांनंतरही त्यांत जिवंत विषाणू मिळाला होता. तो देवीचा विषाणू होता, एमपॉक्सचा नव्हे, पण कुळ एकच आहे: कोरड्या खपलीत प्रथिनांचे कवच मिळाले की हे विषाणू शरीराबाहेरही टिकतात. जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठात एमपॉक्सचा विषाणू पोलादी पट्टीवर ठेवून पाहिला, तेव्हा २२ अंश तापमानाला तो ३० दिवसांपर्यंत आणि ३७ अंशांना ६ ते ७ दिवस तग धरून राहिला. प्रयोगशाळेत त्याला कोणी पुसत नाही, घरात आपण पुसतो, हा फरक लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. तरीही घरातला पुरावा आहेच. अमेरिकेत डॅलस शहरात २०२१ साली नायजेरियाहून परतलेल्या एका रुग्णाचे घर तो रुग्णालयात गेल्यानंतर तपासले गेले. १५ दिवस बंद असलेल्या त्या घरात जिवंत विषाणू सापडला, आणि तोही गुळगुळीत पृष्ठभागांपेक्षा कापडासारख्या शोषून घेणाऱ्या वस्तूंवर जास्त. त्याउलट सॉल्ट लेक सिटीत २०२२ मध्ये दोन रुग्णांच्या घरातून घेतलेल्या नमुन्यांपैकी बहुसंख्यांत डीएनए मिळाला, पण जिवंत विषाणू एकाही नमुन्यात मिळाला नाही. त्या घरात नियमित साफसफाई चालू होती.

याचा तुमच्याशी संबंध पतींच्या बॅगेपुरता आहे. आखातातून येणारा माणूस एक जाड मिंक ब्लँकेट आणतोच. ते नवे, पिशवीत बंद असेल तर त्याची काळजी करू नका. खजूर, अत्तरे, मुलीची खेळणी यांचीही नको. पण आजारपणात अंगावर घेतलेले पांघरूण, चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल, बनियन, लुंगी हे सामान तिथेच गरम पाण्यात साबणाच्या पावडरीने धुऊन मगच बॅगेत भरायला सांगा. धुण्याआधी ते झटकू नये. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या खोल्यांतील हवा तपासली तेव्हा चादरी बदलत असताना घेतलेल्या हवेच्या नमुन्यातही जिवंत विषाणू सापडला होता. ज्या गादीवर ते झोपले ती आणू नये. खोली सोडताना झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून काढावी, म्हणजे खपल्यांचे कण उडत नाहीत, आणि मोबाइल, चष्मा, पट्टा, घड्याळ हे अल्कोहोलच्या सॅनिटायझरने पुसावे. या विषाणूला बाहेरून मेदाचे आवरण असते. साबण, अल्कोहोल आणि ब्लीच यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. श्रावण-भाद्रपदात कोकणात ऊन मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे इकडे आल्यावर कपडे उन्हात टाकू, या भरवशावर धुणे पुढे ढकलू नका.

आता एक नाजूक गोष्ट. वर दिलेले सर्व हिशेब ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्यांचे आहेत. शरीराचे सैन्य दुबळे असेल तर हे पंचांग कोलमडते. फोड महिनोन्महिने भरत नाहीत, नवे उठत राहतात आणि विषाणूचा स्रावही तितकाच लांबतो. याचे सर्वांत परिचित कारण उपचाराविना वाढलेला एचआयव्ही आहे. एचआयव्ही असलेल्या आणि सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५० पेक्षा कमी असलेल्या ३८२ एमपॉक्स रुग्णांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले २७ जण दगावले आणि त्या प्रत्येकाच्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली होत्या. एचआयव्हीवर नियमित औषध घेणाऱ्या आणि पेशी चांगल्या असलेल्या माणसाचा एमपॉक्स इतरांसारखाच बरा होतो, हेही तितकेच खरे आहे. एमपॉक्सच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करावी हा जगभरचा रिवाज आहे, त्यात कोणाच्या चारित्र्याची चौकशी नसते. पतींच्या डिस्चार्जच्या कागदांवर ती नोंद आहे का, एवढे त्यांना विचारा. नसेल तर तपासणी करून घ्यायला सांगा, सोबत सिफिलिसचीही. ते दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असतील किंवा कर्करोगावर उपचार झाले असतील, तर माझे वरचे उत्तर त्यांना जसेच्या तसे लागू नाही. अशा वेळी प्रवासाची तारीख त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवली पाहिजे.

‘लागलाच कसा’ या तुमच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. २०२२ च्या जागतिक साथीत बहुसंख्य रुग्णांना तो शारीरिक संबंधांतून झाला. त्याचबरोबर २०२३ पासून काँगोच्या पूर्व भागात पसरलेला, पुढे केरळमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये अमिरातीहून आलेल्या प्रवाशात आढळलेला ‘वन-बी’ हा प्रकार घरातल्या साध्या निकट सहवासातूनही, एकत्र झोपण्यातून, सामाईक पांघरुणा-टॉवेलांतून पसरतो. एका खोलीत सहा-आठ पलंग एकावर एक, अशा जागी राहणाऱ्या माणसांना दोन्ही शक्यता लागू होतात. शिवाय ताप किंवा फोड दिसण्याच्या १ ते ४ दिवस आधीही काही रुग्ण संसर्ग देऊ शकतात, असे दिसून आले आहे. त्यामुळे ज्याच्याकडून तो मिळाला, त्याच्या अंगावर त्या दिवशी काही दिसलेही नसेल. अंगावरच्या फोडांवरून नवऱ्याच्या वागण्याचा निवाडा करता येत नाही. तुम्हाला विचारायचे असेल तर जरूर विचारा, तो तुमचा अधिकार आहे. पण फोनवर, मुलगी शेजारी असताना, सणाच्या तोंडावर विचारू नका. समोरासमोर बसून, त्यांना पूर्ण बोलू देऊन विचारा. आणि कंडोमचे पथ्य हे शिक्षा म्हणून न सांगता आजाराचे पथ्य म्हणून सांगा, म्हणजे ते पाळले जाईल.

घरी आल्यावर पुढे काय पाहायचे, तेही लिहून ठेवते. इंग्लंडमधल्या ज्या सात रुग्णांचा उल्लेख केला, त्यांच्यापैकी एकाला रुग्णालयातून सुटल्यावर सहा आठवड्यांनी सौम्य स्वरूपात पुन्हा लक्षणे दिसली होती. हे क्वचित घडते, पण घडते. पतींच्या अंगावर नवी पुळी आली, जांघेत किंवा गळ्याशी गाठ सुजली, तर त्यांनी त्या दिवसापासून मुलीपासून आणि जाऊबाईंपासून वेगळे झोपावे आणि जिल्हा रुग्णालयात जाऊन आपला पूर्वीचा आजार स्वतःहून सांगावा. साध्या पुळीला, घामोळ्याला घाबरू नका, मात्र डॉक्टरांना दाखवल्याखेरीज ती साधी आहे असे ठरवूही नका. गरज वाटल्यास नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे किंवा तिच्या जाळ्यातल्या प्रयोगशाळेकडे जातो. २०२२ साली भारतातल्या रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा करून वाढवण्याचे काम याच पुण्याच्या संस्थेने केले होते, तेव्हा तपासणीसाठी परदेशाकडे पाहण्याची वेळ येत नाही. विमानतळावर कोणी विचारले तर आजार लपवू नये. डिस्चार्जचे कागद जवळ असावेत आणि ते अरबीत असतील तर निघण्याआधी रुग्णालयाकडून इंग्रजी प्रत मागून घ्यावी.

राहिली २४ ऑगस्टची संध्याकाळ. त्या दिवशी दिवे लागण्यापूर्वी, उजेड असताना, पतींना व्हिडिओ कॉल करायला सांगा. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या, मान, पाठ त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरावी आणि बाकीच्या जागा स्वतः आरशात पाहून तुम्हाला सांगावे. एखादी खपली किंवा ओला व्रण दिसला, तर तिकीट आठ-दहा दिवस पुढे ढकलावे. विसर्जन तरी साधता येईल. काही दिसले नाही, तर मुलीला फोन द्या आणि बाबा उद्या येत आहेत, असे त्यांनाच तिला सांगू द्या.